हिंसेचे प्रसंग मोजण्याआधी क्रियापदं वाचा

नंदुरबार जिल्ह्यातून मराठीत पीएच.डी. करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. विषय मंजूर झालाय: 'वसाहतोत्तर साहित्यातील हिंसा आणि वंचित समूह'. चौदा पुस्तकं निवडली, त्यातून हिंसेचे बासष्ट प्रसंग कार्डांवर उतरवले. आता मार्गदर्शक म्हणतात, "सिद्धान्त लावा," आणि तिथेच काम अडलंय. सोबत दोन शंका आहेत. दलित, आदिवासी, भटक्यांच्या लेखनाला 'वसाहतोत्तर' म्हणता येतं का? आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतमजूर, राबले, अशा शेतकरी घरातल्या माणसाने हा विषय लिहावा का?

खरी अडचण सिद्धान्ताची नाही. तुमची कार्डं काय घडलं ते सांगतात: कुणी कुणाला मारलं, कुठे, कशावरून. हीच कार्डं पोलिस स्टेशनच्या नोंदवहीतूनही काढता आली असती. पुस्तकाने तो प्रसंग कसा सांगितला, कुणाच्या डोळ्याने दाखवला, कुठे थांबला, काय गाळलं, यातलं कार्डावर काहीच नाही. साहित्याच्या अभ्यासकाचं काम इथूनच सुरू होतं. ते झालं नसेल तर वरून कुठलाही सिद्धान्त लावा, तो भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा राहतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी मान्य करतो. हाताशी किती वर्षं उरलीत, तुम्हाला भिलीची एखादी बोली कानाने कळते की नाही, मार्गदर्शकांना परभाषेतली पुस्तकं चालतात की नाही, यावर आराखडा बदलेल. दोन वर्षं उरली असतील तर प्रत्यक्ष बोलीतलं ध्वनिमुद्रण हातात घेऊ नका. पण वाचनाची पद्धत सगळ्यांना सारखीच लागते, म्हणून तिच्यावर जास्त लिहितो.

पहिली शंका आधी. 'वसाहतोत्तर' शब्द वापरा, पण शिक्का म्हणून नको. प्रत्येक समूहाला विचारा, तुमच्यासाठी वसाहत सुरू कधी झाली आणि संपली कधी? उत्तरं वेगवेगळी येतात. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं सोळा दिवस या जमातींची माणसं जन्माने गुन्हेगार होती, आणि कायदा गेल्यावरही सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी पोलिसांची नजर त्यांच्यावर तशीच ठेवली. भिल्लांचं गणित निराळं. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, पुढे जंगल सरकारी झालं. वनहक्क कायदा आला २००६ मध्ये. त्यातही सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहेतीस गावं आली, ती स्वतंत्र भारताच्या निर्णयाने. दलितांच्या लेखनात तर गोरा साहेब बहुतेक वेळा मुख्य शत्रू नसतोच. तिथे समोर गाव असतं, पाणवठा असतो, आणि बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती उतरंड असते.

म्हणून प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात व्याख्यांची रांग लावू नका. ही तीन कॅलेंडरं शेजारी शेजारी मांडा. दलित, आदिवासी आणि भटके-विमुक्त यांना एकाच 'वंचित' शब्दाखाली गुंडाळणं ही या विषयातली सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे. एकाला शिवायचं नाही, दुसऱ्याची जमीन घ्यायची, तिसऱ्यावर संशय घ्यायचा. हिंसेची जातच वेगळी, मग ती सांगणारी भाषाही वेगळी. खानदेशात हा विषय करताना देशीवादाची, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतल्या परंपरेच्या मापाने मोजावं या विचाराची, चर्चा टाळता येणार नाही, ती जरूर घ्या. मात्र 'देशी' म्हटल्यावर सालदारी आणि बलुतेदारीही त्याच देशीत येते, हे लिहायला कचरू नका.

आता पद्धत. मराठीत हिंसा वाचण्याचं एक साधन आपल्या व्याकरणातच आहे आणि ते फार कमी वापरलं जातं. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत: मरणे–मारणे, जळणे–जाळणे, पडणे–पाडणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, बुडणे–बुडवणे. पहिल्या क्रियापदात करणाऱ्याची गरज लागत नाही, दुसऱ्यात लागते. 'मणिबेली बुडाली' आणि 'मणिबेली बुडवली' ही सरदार सरोवरात गेलेल्या एकाच गावाबद्दलची दोन वाक्यं आहेत. पहिल्यात फक्त पाणी आहे. दुसरं वाचलं की कोणी बुडवली, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'वस्ती जळाली' आणि 'वस्ती जाळली' यांचंही तसंच. सरकारी मराठी याच्याही पुढे जाते. 'गोळीबार झाला' मध्ये कर्ता नाहीसा होतो, आणि 'लाठीमार करावा लागला' मध्ये तर मारणाराच बिचारा ठरतो. 'करावा लागला' या दोन शब्दांवर एक अख्खं पान लिहिता येईल.

हे काम असं करा. बासष्टपैकी बारा प्रसंग निवडा, तेही प्रत्येक पुस्तकातून दोनच (चौदापैकी सहाच पुस्तकं ठेवायची आहेत, ती कोणती ते पुढे येतं). प्रसंगाच्या आधीचं एक पान आणि नंतरचं एक पान धरून मजकूर वहीत उतरवून काढा, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. साधारण चाळीस ते साठ वाक्यं होतात आणि एका प्रसंगाला एक दुपार जाते. हाताने उतरवा, कारण टंकताना डोळा पुढे पळतो. प्रत्येक ओळीतल्या क्रियापदाखाली रेघ ओढा. शेजारी तीन रकाने आखा: करणारा कोण, तो वाक्यात आहे की लपलाय, आणि वाक्य कुणाच्या तोंडचं आहे. शेवटचा रकाना गाळू नका. निवेदकाचं वाक्य आणि पात्राचं वाक्य एकत्र मोजलं की निष्कर्ष चुकतात. पात्र कर्ता लपवत असेल तर ती त्याची भीती असू शकते. निवेदकच लपवत असेल तर तो लेखनाचा निर्णय असतो.

इथे एक खड्डा आहे. मराठीत कर्ता गाळणं ही रोजची सवय आहे. 'दार उघडलं, बाहेर ओढलं, मारलं' यात कर्ता लिहिलेला नाही म्हणजे तो लपवलाय असं होत नाही. कसोटी सोपी आहे: मागच्या दोन-तीन वाक्यांवरून करणारा नक्की सांगता येतो का? येत असेल तर ती काटकसर आहे, नोंद करू नका. दोन उत्तरं संभवत असतील तर ती संदिग्धता आहे आणि तीच तुमच्या कामाची. एकही उत्तर मिळत नसेल तर पुस्तकाच्या त्या ठिकाणी थांबा, तिथे काहीतरी दाबलेलं असतं.

क्रियापदांनंतर वेळ मोजा. घाव पडायला किती वाक्यं आणि घावानंतरच्या दिवसांना किती? तुमच्या यादीतल्या आत्मकथनांत बऱ्याचदा मार एका वाक्यात उरकलेला दिसेल. त्यानंतरची भूक, औषधाचे पैसे, कामावरचा खाडा, याला तीन पानं. ही मांडणी लेखकाला नीट जमली नाही म्हणून झालेली नसते. मारापेक्षा मार खाल्ल्यानंतर जगायचं कसं हा मोठा प्रश्न आहे, असं ती सांगत असते.

एक उदाहरण खानदेशातलंच घेऊ. बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुस्तिका म्हणून आलेल्या आठवणींत चाळीसगावचा एक प्रसंग आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते आणि खानदेशातलं काम त्यांच्याकडे होतं. धुळे लाइनीवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परतले. महारवाड्यातली मंडळी हार घेऊन उभी होती, मुक्काम त्यांच्याकडेच ठरलेला. महारवाडा दोनेक मैलांवर, मध्ये नदी, नदीवर बिनकठड्याची दगडी फरशी. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, तरी तासभर कुणी हललं नाही. मग एक टांगा आला. टांग्यात हे आणि हाकणारा, दोघंच. दोनशे पावलं गेलं नाही तोच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. रोज भाड्याने टांगा हाकणारा माणूस इतका कच्चा कसा, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. पुढे फरशीच्या वळणावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळलं, हे फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट नदीत गेला. पाय मोडला, बरेच दिवस अंथरूण धरावं लागलं.

कार्डावर हा प्रसंग काय म्हणून जाईल? 'अपघात'. कदाचित तुमच्या बासष्टात तो आलाच नसता, कारण कुणी कुणावर हात उगारलेला नाही.

आता क्रियापदं पाहा. उधळतो तो घोडा, आदळतं ते चाक. माणूस कर्ता म्हणून कुठेच नाही. कारण पुढच्या परिच्छेदात कळतं. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. महारवाड्यातल्या लोकांना पाहुण्याला पायी नेणं बरं वाटेना. मधला मार्ग निघाला: टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, हाकणार मात्र नाही. मग महारवाड्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला, ज्याने कधी टांगा हाकलेला नव्हता. स्टेशनवरचा तो तासभराचा अबोला याच घासाघिशीचा होता.

सांगण्याचा हा क्रम नीट बघा. आधी वाचकाला हाकणाऱ्याच्या कच्चेपणाचं नवल करायला लावलंय, कारण उलगडलंय नंतर. म्हणजे आपणही आधी चुकीच्या माणसाला दोष देऊन बसतो. ज्या ओझ्याखाली तो बिचारा होता ते आपल्याला दिसतच नाही, आणि दिसतं तेव्हा आपल्या आधीच्या निवाड्याची लाज वाटते. बॅरिस्टर माणूस, सरकारी समितीचा सभासद, पण टांगेवाल्याच्या लेखी तो आपल्या खालचाच. इथे शांततेचा अभ्यासक योहान गाल्टुंगने १९६९ मध्ये मांडलेली संरचनात्मक हिंसेची कल्पना उपयोगी पडते: मारणारा हात दिसत नाही, तरी माणूस मोडतो. मात्र ती इथे आणा, मजकूर वाचून झाल्यावर. पहिल्या प्रकरणात तिची व्याख्या देऊन पुढे विसरून जाण्यात काही हशील नाही. आणि यजमानांची बाजूही टाळू नका. पाहुण्याच्या सुरक्षिततेपेक्षा त्याचा मान मोठा धरला गेला, हे लेखकाने स्वतःच नोंदवलंय. हिंसा सोसणारा माणूसही कधी कधी तिच्याच मापाने निर्णय घेतो, असा त्याचा अर्थ निघतो.

हे मूळ लेखन इंग्रजीत आहे. मराठी अनुवादात 'मी फेकला गेलो'चं 'मी पडलो' झालेलं असू शकतं, आणि तुमचा सगळा मुद्दा त्या एका क्रियापदावर उभा आहे. अनुवादित पुस्तकात क्रियापदांचं कोष्टक करायचं असेल तर मूळ भाषेचं पान शेजारी हवंच. मूळ भाषा येत नसेल तर त्या पुस्तकावर कोष्टक करू नका, कथनाचा क्रम आणि दृष्टिकोन एवढ्यापुरतंच बोला.

परभाषेतली पुस्तकं दोनच ठेवा, पण ती इथल्या कागदांशी भिडवा. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट' या कादंबरीचं शेवटचं पान घ्या. नायक ओकोंक्वोने गळफास घेतलाय आणि जिल्ह्याचा गोरा कमिशनर मनाशी म्हणतो, या माणसावर आपल्या पुस्तकात एक प्रकरण, निदान बरासा परिच्छेद तरी लिहिता येईल. अख्ख्या कादंबरीत आपण ज्याला ओळखू लागलो तो माणूस साहेबाच्या पुस्तकात एका परिच्छेदात मावणार आहे, आणि त्या पुस्तकाच्या नावातच टोळ्यांना 'शांत' केल्याची भाषा आहे. हे पान वाचून झालं की १८८० चा खानदेशाचा गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, उघडा, मुंबई इलाख्याच्या मालेतला बारावा खंड. महाराष्ट्र सरकारच्या दर्शनिका विभागाने जुने खंड संगणकावर आणलेत, शोधायला अवघड नाही. त्यात भिल्लांवरची पानं काढा आणि तेच रकाने आखा: करणारा कोण, लूट कोण करतं, शांतता कोण आणतं, भिल्लांच्या वाट्याला कोणती क्रियापदं आलीत. इतिहासकार रणजित गुहांनी १९८३ च्या एका निबंधात दाखवून दिलंय की सरकारी कागदात बंड करणाऱ्यांसाठी वापरलेला प्रत्येक वाईट शब्द उलटून वाचला तर त्यांचा हेतू हाती लागतो. सेंधव्याच्या घाटावर इंग्रजांच्याच चाकरीत राखण करणारा खाज्या नाईक १८५७ मध्ये उलटला. तो त्या कागदांत कोणत्या विशेषणाने येतो आणि आज आपल्या गाण्यांत, भाषणांत कोणत्या, एवढी तुलना एका उपप्रकरणाला पुरते. पण सावध राहा. गॅझेटियरचं उलटं म्हणजे आपोआप खरं, असं नसतं. दरोडेखोर खोडून वीर लिहिलं तरी माणूस परिच्छेदातच राहतो.

दुसरं पुस्तक, म्हणजे खरं तर कथा, महाश्वेता देवींची बंगाली 'द्रौपदी'. सरकारी कागदावर ती द्रौपदी आहे, तिच्या माणसांच्या तोंडी दोपदी. पहिलं नाव महाभारतातून, दुसरं संथाळ जिभेवरचं. पोलिसी-लष्करी भाषा एका नावाने तिला शोधते आणि कथा दुसऱ्या नावाने तिच्याजवळ जाते. बलात्कारानंतर ती कपडे नाकारते आणि सेनानायकासमोर तशीच येऊन उभी राहते. नि:शस्त्र बाईची त्याला पहिल्यांदा भीती वाटते. या कथेवर लिहिताना विद्यार्थी नेहमी एकाच गोष्टीत घसरतात: जखमांचं वर्णन उद्धृत करत राहतात. अर्थ जखमेत कमी आणि त्या नकारात जास्त आहे. बलात्काराचं वर्णन उद्धृत करण्याआधी स्वतःला विचारा, या ओळी काढल्या तर माझा मुद्दा पडतो का? पडत नसेल तर ओळी काढा. जातिवाचक शिव्यांनाही हाच नियम. जिथे शिवीची भाषा हाच मुद्दा आहे तिथे ती मूळ रूपात, पूर्ण द्या. बाकी ठिकाणी 'जातीवरून शिवी दिली' पुरेसं आहे.

वसाहतवादावर लिहिणारा फ्रांत्झ फॅनन सगळे वापरतात आणि बहुतेक सगळे त्याच्या १९६१ च्या 'द रेचेड ऑफ द अर्थ' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण वापरतात, हिंसेने गुलाम मोकळा होतो वगैरे. शेवटचं प्रकरण वाचा. तो मानसोपचारतज्ज्ञ होता, आणि त्या प्रकरणात अल्जीरियातल्या रुग्णांच्या नोंदी आहेत. त्यात छळ झालेले आहेत आणि छळ करणारेही. दिवसभर कैद्यांना छळणारा एक पोलिस अधिकारी घरी येऊन बायकोला आणि लेकरांना मारतो, आणि डॉक्टरकडे येतो तो या मारहाणीवर इलाज मागायला. कैद्यांचा छळ मात्र त्याला चालूच ठेवायचाय. हिंसा चौकीतून घरात कशी शिरते, हे एवढ्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसतं.

हा धागा मराठीत घेऊन या. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये सुनेच्या पायात अडकवायचा लाकडी खोडा येतो, आणि तो समाजातल्याच माणसांनी अडकवलेला आहे. हे पान गाळून पुढे जाणारे प्रबंध पुष्कळ आहेत. समाजाची बदनामी होईल, अशी भीती असते. पण लेखिकेने ते गाळलं नाही, तर आपण गाळणारे कोण? ते लिहिताना मात्र तिच्या मांडणीत राहून लिहा: ज्या समाजाला गावाने जनावरासारखं वागवलं, त्या समाजात सर्वांत खालची गुलाम सून होती, असं ती सांगते. आणि पुस्तकाचा स्वतःचा इतिहासही हिंसेच्या प्रकरणात घ्या. हे लेखन तिने नवऱ्यापासून लपवून केलं, वह्या वर्षानुवर्षं दडवून ठेवल्या. मजकुरातल्या हिंसेइतकीच मजकूर बाहेर येऊ न देणारी हिंसाही आपल्या विषयात बसते.

आता चौदा पुस्तकांचं काय? सहा ठेवा. 'जिणं आमुचं', 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०) किंवा 'उचल्या' (१९८७) यांपैकी एक, वाहरू सोनवणे यांचा कवितासंग्रह 'गोधड' (१९८७), आणि वरची दोन, म्हणजे अचेबेची कादंबरी आणि 'द्रौपदी'. बाबासाहेबांचा चाळीसगावचा मजकूर प्रस्तावनेत. बाकीची आठ पुस्तकं तळटीपांत येतील, कार्डं वाया जात नाहीत. 'उपरा' की 'उचल्या', हे तुमच्या मुद्द्यावर ठरवा. गावगाड्यात जागाच नसण्याची हिंसा दाखवायची असेल तर 'उपरा'. १८७१ च्या कायद्याची सावली आणि पोलिसांचा ससेमिरा दाखवायचा असेल तर 'उचल्या'.

'गोधड'ला एक पूर्ण प्रकरण द्या, असं मी आग्रहाने सांगेन. शहादा-तळोद्याच्या भागात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने, भिल्ल सालदार आणि मजूर उभे राहिले. १९७१ चं पाटीलवाडीतलं गोळीबाराचं प्रकरण, १९७२ ची श्रमिक संघटना, हा सगळा काळ या कवितेच्या पाठीशी आहे. त्यातली 'स्टेज' ही कविता तुमच्या दुसऱ्या शंकेशीच बोलते. आम्हाला व्यासपीठावर बोलावलंच नाही, ते तिथे उभं राहून आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले, दुःख मात्र आमचंच राहिलं, असा तिचा आशय. कवितेत ना मार आहे ना रक्त. तरी ती हिंसेच्या प्रकरणात पहिल्या क्रमांकावर हवी, कारण दुसऱ्याच्या वतीने बोलण्यातली हिंसा तिच्यात आहे. समीक्षक गायत्री स्पिवाक यांचा १९८८ चा 'कॅन द सबाल्टर्न स्पीक?' हा निबंध हाच प्रश्न फार अवघड भाषेत विचारतो. आधी कविता, मग निबंध, या क्रमाने वाचा. उलट केलंत तर कविता उदाहरण होऊन बसते.

इथवरचं थोडक्यात: सहा पुस्तकं, बारा प्रसंग, क्रियापदांचं कोष्टक, घावाला आणि घावानंतरच्या दिवसांना मिळालेली जागा, आणि सिद्धान्त वाचनाच्या मागून. तीन समूहांची तीन कॅलेंडरं वेगळी.

बोलीतली गाणी, आठवणी घ्यायच्या असतील तर हिशोब पक्का ठेवा. देहवाली, मावची, पावरी किंवा भिलोरीतलं एक तासाचं ध्वनिमुद्रण देवनागरीत उतरवून मराठी अर्थ लावायला, बोली चांगली येणाऱ्यालाही सहा ते आठ तास लागतात. न येणाऱ्याला दोन माणसं लागतात. आधी बोली जशीच्या तशी, खाली शब्दाला शब्द, त्याखाली मोकळा अर्थ, अशा तीन ओळी ठेवा. थेट मराठी अर्थ लिहिला की पहिली गोष्ट हरवते ती क्रियापदच, आणि मग वरचं सगळं कोष्टक फुकट जातं. गाणाऱ्याची परवानगी मुद्रणाच्या आधी घ्या आणि प्रबंधात नाव घालायचं की नाही हेही तेव्हाच विचारा. काहींना नाव हवं असतं, आणि ते न देणं हाही अपमानच.

चालू काळातल्या घटना आणायच्या का? एखादीच, आणि फार जपून. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली माणसं होती ती. वस्ती आदिवासी, मेलेले भटके. हिंसा नेहमी वरून खाली एका रेषेत येते हे गृहीतक इथे मोडतं, आणि अनोळखी भटक्याकडे चोर म्हणूनच बघायची जुनी नजर अजून किती जिवंत आहे ते दिसतं. पण ही घरं अजून दुःखात आहेत. नावं लिहू नका, चित्रफितीचं वर्णन करू नका, कुटुंबांकडे मुलाखतीला जाऊ नका. फक्त त्या आठवड्याच्या बातम्यांतली क्रियापदं आणि 'उचल्या'तल्या संशयाच्या प्रसंगांतली क्रियापदं शेजारी ठेवा. तेवढाच तुमचा साहित्याचा अधिकार.

राहिला प्रश्न तुमच्या घराचा. लिहावं. मात्र प्रस्तावनेत दोन ओळींत कबुली देऊन मोकळं होऊ नका, आणि पानभर पश्चात्तापही नको, त्यात वाचकाचं लक्ष पुन्हा तुमच्याकडेच येतं. तुमच्याकडे एक साधन आहे जे दुसऱ्या अभ्यासकाकडे नसेल. सालदारकी आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते. घरात जुन्या जमाखर्चाच्या वह्या असतील तर त्यात साल किती ठरलं, उचल किती दिली, खाडे किती धरले, बाकी किती ओढली, हे आजोबा-पणजोबांच्या अक्षरात असेल. ती वही साहित्य नाही, पण तिच्यात भाषा आहे. 'उचल दिली' मध्ये कर्ता कोण आणि 'बाकी राहिली' मध्ये कोण, हे तुमच्याच कोष्टकात घाला. 'खाडा धरला' असं लिहिलेलं सापडेल. तो का पडला ते सापडणार नाही. ताप असो, मार असो की घरातलं मरण, रकाना एकच. सालदारांची नावं झाकून अशी आठ-दहा पानं परिशिष्टात द्या आणि 'गोधड'च्या प्रकरणातून त्यांचा संदर्भ द्या. त्यातला एखादा सालदार किंवा त्याची घरची माणसं हयात असतील तर छापण्याआधी ती पानं त्यांना वाचून दाखवा. ते नको म्हणाले तर परिशिष्ट काढून टाका.